तांदूळ निवडणारं वाचनयंत्र

मित्रांनो, मी एक जुनं वाचनयंत्र आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. वय विचाराल तर फार नाही, पहिलीतल्या मुलाएवढं असेन. पण आमच्यात एवढ्या वयातच म्हातारपण येतं. दरवर्षी माझ्याहून सडपातळ, माझ्याहून चुणचुणीत भावंडं बाजारात येतात आणि लोक माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "हे अजून चालतं का?" चालतं हो! लावून तर बघा!

माझी ओळख करून देतो. माझं तोंड म्हणजे छोट्या टीव्हीएवढी एक स्क्रीन. तिच्या खाली जमिनीकडे बघणारा एक कॅमेरा आणि त्याच्याखाली एक सरकता पाट. पाटावर पुस्तक ठेवलं, की त्यातलं अक्षर वर स्क्रीनवर पुरीएवढं दिसतं. बटण फिरवलं तर भाकरीएवढं. ज्यांची नजर फार कमी झाली आहे आणि चष्म्यानेही ज्यांचं भागत नाही, अशा माणसांसाठी मला केलं आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. माझा डोळा खाली आहे. पाटावर जे येईल तेवढंच मला दिसतं. माणसांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, हात मात्र खूप पाहिले. ऐकू सगळं येतं. पण बोलता येत नाही, आणि माझं सगळं दुःख त्यातच आहे.

पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात मला जोडलं. जोडून झाल्यावर तिथल्या एका बाईने पाटावर बिस्किटाच्या पुड्याचा कागद ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, ती बारीक तारीखसुद्धा वाचता येतेय." तिच्या आवाजात एवढं कौतुक होतं की मला वाटलं, आता जन्मभर आपल्याला असंच ऐकायला मिळणार. लहान होतो, दुसरं काय!

तिथून मी आलो वलवणच्या बाजूला, डोळ्यांच्या एका धर्मादाय रुग्णालयात. तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात आणि त्यांवर संशोधनही चालतं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना एक प्रश्न छळत होता. शस्त्रक्रिया उत्तम होते, नवीन भिंग छान बसतं, तरी काही माणसांना वाचता येत नाही. कारण त्यांच्या डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजलेला असतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. अशा माणसांना घरी वाचनयंत्र दिलं, तर ती पुन्हा वाचायला लागतील का? हे शोधण्यासाठी आम्हाला आणलं होतं. आमच्या प्रत्येकाच्या पोटात एक घड्याळ बसवलं. यंत्र रोज किती वेळ चालू होतं ते हे घड्याळ मोजतं आणि परस्पर रुग्णालयाला कळवतं. त्या घड्याळाचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का, ते पुढे कळेलच.

मी आलो त्या दिवशी फीत कापली, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. माझ्या पाटावर कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि एकेक हात येऊन पेढा उचलून गेला. वाचलं मात्र कुणी काहीच नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मग एक दिवस पाटावर दोन जाडजूड हात आले. उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी यंत्रात सापडून कायमचं वाकडं झालेलं. हे होते आंबीचे भिकाजी आबा. उभं आयुष्य कंपनीत पत्रे कापण्यात गेलं. पण गावात त्यांना लोक ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. आषाढ पौर्णिमेला बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला, की आंबीच्या बौद्ध विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. आणि तिथले वाचक होते आबा. माणसं पांढरी वस्त्रं नेसून समोर बसत आणि आबा मोठ्याने, स्वच्छ वाचत.

"आबा, ऑपरेशन झकास झालंय," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा पडदा झिजलाय. त्यावर आता औषध नाही. हे यंत्र घरी न्या, वापरा, आणि आम्हाला कळू द्या उपयोग होतो का."

मला कसं वापरायचं हे शिकवायला चैतालीताई होती. तिचे हात भराभर चालणारे, बोटं सॅनिटायझरने कोरडी पडलेली. ती मनापासून शिकवत होती, पण बाहेर तपासणीची रांग दारापर्यंत आली होती. बटणं सांगितली. पाट कसा सरकवायचा ते सांगितलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं शेवटी, उठता उठता सांगितलं: "आबा, अक्षराकडे सरळ नका बघू, मध्ये तुम्हाला अंधारच दिसेल. नजर जरा बाजूला ठेवा, मग कडेने अक्षर दिसतं. समजलं ना?"

"व्हय, व्हय. समजलं की," आबा म्हणाले.

मित्रांनो, "समजलं" हा शब्द आमच्या मावळात फार स्वस्त आहे. शिकलेल्या माणसाचा वेळ मोडू नये म्हणून लोक तो देऊन मोकळे होतात. आबांना काहीही समजलं नव्हतं. पाटावरचे त्यांचे हात तसेच घट्ट मिटलेले मी पाहत होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, "ताई, बस जरा! अजून पाच मिनिटं बस!" पण पुढच्या नावाचा पुकारा झाला.

आंबीला पोहोचलो तर माझं स्वागत काय वर्णावं! मुलगा अतुल याने मला हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसवलं. चंपा आजीने, म्हणजे आबांच्या बायकोने, माझ्यासाठी पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाचं कव्हर विणलं. झालरीला छोटी छोटी फुलं. पाहुणा आला की आजी कव्हराचं टोक उचलून मला दाखवायची. "दवाखान्यानं दिलंय. लय महाग हाय. हात नगा लावू." की परत कव्हर खाली! टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, खुर्चीला प्लास्टिक, आणि मला क्रोशा. ज्या वस्तूवर जीव, ती वस्तू झाकायची, अशी त्या घराची रीत. जीव होता, नाही म्हणत नाही. पण मला जीव नको होता हो, काम हवं होतं.

आबांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दुपारी घरात कुणी नसताना ते कव्हर काढत, ग्रंथ पाटावर ठेवत आणि स्क्रीनकडे टक लावून बघत. अगदी सरळ. त्यांनी अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. पण सरळ बघणाऱ्याला मधला अंधारच दिसणार, अक्षर पुरीएवढं करा नाहीतर परातीएवढं! थोड्या वेळाने ते मला बंद करत, कव्हर नीट घालत आणि चंपा आजीला काहीच सांगत नसत. यंत्र एवढं महागाचं, म्हणजे खोट आपल्यातच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

एकदाच ते बोलले. आजी चहा घेऊन आली होती.

"गेल्या वर्सावासात मी वाचलंच न्हाई, चंपे. पाठ हुतं त्ये म्हणून दावलं. पानं नुसती उलटत हुतो."

"मग काय झालं? लोकांस्नी कळलं का?"

"मला कळलं ना. माझ्या बापाला अक्षर ठावं नव्हतं. त्यानं मला शाळंत घातलं त्ये पाठ म्हणायला न्हाई, वाचायला. यंदा वाचता आलं तर बसंन, न्हाईतर आपल्या सुनंला, रुपालीला बसवा. ती चांगलं वाचती. पर फसवाफसवी आता बास."

ऐकताय ना मित्रांनो? आषाढ पौर्णिमा दोन महिन्यांवर आलेली. माणूस वाचायला तळमळतोय, वाचायचं यंत्र हाताच्या अंतरावर आहे, आणि मध्ये फक्त एक न समजलेली गोष्ट. मी पाटावर लोंबणाऱ्या कव्हराच्या फुलांकडे बघत दात-ओठ खाल्ले असते, असते तर.

मग रुग्णालयातून फोन आला. सून रुपालीने घेतला. पलीकडून कुणीतरी सांगत होतं, की तुमचं यंत्र चालू दिसत नाही, वापर नसेल तर परत न्यावं लागेल, दुसऱ्या पेशंटला देऊ.

"परत?" चंपा आजी हबकली. "समद्या गावानं बघितलंय. आता काय तोंड दावायचं?"

रुपाली घरातली सगळ्यांत हुशार. ती म्हणाली, "आत्या, त्यांना यंत्र चालू पायजे ना? मग ठिवू की चालू."

आणि झालं! दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्यावर माझं बटण दाबायचं ते रात्री निजताना बंद करायचं. बरं, नुसतं चालू ठेवून वीज कशाला जाळायची, म्हणून रुपालीने पाटावर तांदूळ पसरले. खडे भाकरीएवढे दिसायला लागले! "आत्या, बघा तरी, एक खडा सुटत न्हाई." मग डाळ आली, गहू आले. आजी सुईत दोरा ओवून घेऊ लागली. शेजारच्या बायका मेथी घेऊन येऊ लागल्या, पानाखाली लपलेली अळी दिसते म्हणून. मी इंद्रायणी तांदळाचा एकेक दाणा ओळखायला लागलो. वाचनयंत्र म्हणून जन्मलो आणि सूप होऊन बसलो. माझ्या पोटातलं घड्याळ मात्र खूश. तास, तास आणि तास! मूर्ख कुठलं.

तिकडे रुग्णालयात आनंदीआनंद झाला. भिकाजी आबांसारखा वापर कुणाचाच नाही! त्यांना आणखी शिकवायची गरज नाही, असं ठरलं, आणि चैतालीताई पुन्हा शिकवायला घरी येणार होती, ती घरभेट रद्द झाली. मित्रांनो, ती घरभेट हीच काय ती आबांची आशा होती. मी चालत नव्हतो तेव्हा मला परत न्यायला निघाले, आणि तांदूळ निवडायला लागलो तर शिकवणारीला थांबवलं. आबा काय करताहेत, हे आबांना विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

चैतालीताई शेवटी आली ती वेगळ्याच कामाला. मोठे डॉक्टर एका परिषदेत संशोधन मांडणार होते, त्यांना यशस्वी रुग्णाचा व्हिडिओ हवा होता. रुपालीने घाईघाईत तांदूळ झटकले, ग्रंथ पाटावर उघडून ठेवला. आबा समोर बसले. चैतालीताईने मोबाइल धरला. आबांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. काय तो आवाज! एक अडखळ नाही.

पण मला पाटावरचं दिसत होतं आणि तिला स्क्रीनवरचं. रुपालीने ग्रंथ उलटा ठेवला होता. स्क्रीनभर अक्षरं डोकं खाली, पाय वर करून उभी, आणि आबा खणखणीत म्हणत होते.

चैतालीताईने मोबाइल खाली ठेवला. आबा एक वाक्य पुढे गेले, मग काहीतरी बिनसल्याचं त्यांच्याही लक्षात आलं आणि ते थांबले.

"ताई, आमीच चालू ठेवत हुतो," रुपाली हळूच म्हणाली. "तांदूळ निवडायला. परत नेतील म्हनून."

"अहो, मग एक फोन करायचा!" चैतालीताई चिडली, आणि तिचं चिडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरात कुणीतरी माझ्या बाजूचं होतं. मग तिने खुर्ची ओढली, आबांच्या शेजारी बसली आणि इतक्या दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आबा, तुम्हाला काय दिसतंय?"

"मधी काळं," आबा म्हणाले. "कुणी मधीच बोट धरल्यागत. बोटाच्या भोवतीनं दिसतंय, पर जिकडं बगावं तिकडं त्ये बोट फुडं येतंय."

चैतालीताईने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक टिकली माझ्या स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर चिकटवली. जन्मात पहिल्यांदा माझ्या कपाळाला काही लागलं. "या लाल ठिपक्याकडे बघा. अक्षराकडे बघायचंच नाही. अक्षर खालून आपण होऊन दिसेल."

"म्हंजी तिरकं बगायचं?" आबांचा आवाज कडक झाला. "ग्रंथाकडं तिरकं? इहारात, समद्यांच्या म्होरं? त्ये न्हाई व्हायचं, ताई. मी सरळ बगणारा माणूस हाय."

"आवो, माझ्याकडं उभा जल्म तिरकंच बगत आलाय की," चंपा आजी म्हणाली. "तवा न्हाई लाजलात. आता ग्रंथासाटी बगा."

रुपाली खुदकन हसली, चैतालीताई हसली आणि सगळ्यांत शेवटी आबा हसले. मग त्यांनी मान जराशी तिरकी केली असणार. ते वाकडं नख पाटाच्या कडेला आलं, पाट हळूहळू सरकू लागला. थांबला. मागे आला. पुन्हा सरकला.

"हितं... मै... मैत्री," आबा म्हणाले. मग गोंधळून म्हणाले, "आरं तिच्या! हितं मी इतकी वर्सं 'दया' म्हणतोय. हितं तर 'मैत्री' लिवलंय!"

पाट मागे आला आणि तोच शब्द त्यांनी पुन्हा वाचला. पाठ म्हटलं असतं तर 'दया'च आलं असतं. हे वाचलं होतं. मित्रांनो, मी ज्यासाठी जन्मलो ते त्या दुपारी घडलं, आणि त्या एका शब्दावर मी सगळे तांदूळ माफ केले.

इथेच माझी गोष्ट संपली असती तर मी कशाला रागावलो असतो?

आबा रोज वाचू लागले. पण नवीन पद्धतीने बघताना डोळा लवकर थकतो. सकाळी थोडं, दुपारी थोडं, बस्स. रुपालीने तांदूळ पुन्हा सुपात घेतले. आणि माझ्या पोटातल्या त्या दीडशहाण्या घड्याळाने रुग्णालयाला कळवलं, की दिवसभर चालणारं यंत्र आता जेमतेम चालतं. तिकडे निष्कर्ष निघाला, की रुग्णाचा उत्साह संपला. यंत्र परत बोलवा.

चैतालीताई मोठ्या डॉक्टरांशी भांडली. मला हे नंतर तिच्याच तोंडून कळलं, रुग्णालयातल्या एका कपाटासमोर ती कुणाला तरी सांगत होती. "सर, ते आता खरे वाचताहेत," ती म्हणाली. "मग आकडे का पडले?" सरांनी विचारलं. तिने खरं काय ते सांगितलं. सर वाईट माणूस नव्हेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाले, "पण अहवाल गेला ना आता." मी विचारतो, अहवाल परत येत नाही का? मी तर आलो!

गाडी आली तेव्हा पौर्णिमेला आठवडा राहिला होता. ड्रायव्हर अंबाजीभाऊंनी मला उचललं. आबांनी हुज्जत घातली नाही. दवाखान्याची वस्तू, दवाखान्यानं मागितली, तर द्यायची, एवढंच म्हणाले. चंपा आजीने माझ्यावर क्रोशाचं कव्हर घातलं. या वेळी ते घालताना तिचा हात पाटाला लागला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

तेव्हापासून मी रुग्णालयाच्या लोखंडी कपाटात आहे. दुसऱ्या पेशंटला देणार होते ना? बेगडेवाडीच्या एक धोंडाबाई आहेत, नातवाचं पहिलं पुस्तक वाचायचंय म्हणून केव्हापासून विचारताहेत. पण यंत्र देण्याआधी नवा अभ्यास मंजूर व्हायला हवा, आणि नव्या अभ्यासात माझ्यापेक्षा नवी यंत्रं असणार आहेत. म्हणजे धोंडाबाई बाहेर बाकावर आणि मी आत फळीवर. मध्ये एक कुलूप. सांगा, मी रागावू नको तर काय करू?

परवा कपाट उघडलं. आबा तपासणीला आले होते, त्यांनीच हट्ट धरला मला बघायचा. चंपा आजी मोठ्या डॉक्टरांना सांगत होती, की यांनी वर्षावासात वाचलं. चैतालीताईने दिलेलं साधं हातातलं भिंग, ग्रंथाच्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली, आणि मान तिरकी. रोज चार ओळी. सुरुवातीला पोरं कुजबुजली, मग गप्प झाली. चार ओळींना लागायचा तेवढा वेळ सगळा विहार बसून राहायचा. बाकीचं रुपाली वाचायची.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आधी वाईटच वाटलं. माझ्यावाचून जमलं की! मग वाटलं, भिंगाने अक्षर मोठं झालं असेल, पण बघायचं कसं हे त्या दुपारीच शिकून झालं होतं, आणि ते शिकवायला यंत्र लागलं नाही. एक बाई शेजारी बसली आणि तिने एक प्रश्न विचारला. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या घरी कुणाच्या डोळ्यांचं, कानांचं, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, कुणाला चष्मा, काठी, यंत्र मिळालं, तर त्या वस्तूला कव्हर घालू नका. आणि ती वस्तू चालते का हे विचारण्याआधी त्या माणसाला विचारा.

आबांनी क्रोशाचं कव्हर उचललं. ते वाकडं नख माझ्या पाटावर टेकलं. टिकली अजून माझ्या कपाळावर होती, ती त्यांनी बोटाने चाचपली.

"सायेब," ते मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "ह्याला अंधारात नका ठिवू. मान्साला इच्चारत न्हाई तर न्हाई, ह्याला तरी इच्चारा, बाबा, तुला काय दिसतंय म्हून."

डॉक्टर हसले नाहीत. "बघू," म्हणाले. कव्हर खाली आलं, दार लागलं, कुलूपही लागलं.

अजून कुणी विचारलेलं नाही. पण विचारलंच तर माझं उत्तर तयार आहे. मला रिकामा पाट दिसतोय.